नाओशिमा: ऑगस्टच्या उन्हात पाहिलेले कलाबेट

ऑगस्टमध्ये जपानच्या सेतो अंतर्समुद्रातील नाओशिमा या बेटावर जाऊ नये, असे ओसाकातील माझ्या बहुतेक जपानी परिचितांनी मला सांगितले होते, आणि हवामानाच्या दृष्टीने त्यांचा सल्ला अगदी योग्य होता. या अंतर्समुद्राच्या उत्तरेला होन्शू बेटाच्या पश्चिम भागातले चुगोकूचे डोंगर आणि दक्षिणेला शिकोकू बेटाचे डोंगर असल्यामुळे वाऱ्यांबरोबर येणारा बराचसा पाऊस बाहेरच पडून जातो आणि आत उरतो तो कमी पावसाचा, निरभ्र आकाशाचा आणि कडक उन्हाचा प्रदेश. याच उन्हाच्या जोरावर या किनाऱ्यांवर पूर्वी मिठागरे चालत असत. त्यातच उन्हाळ्यात सायंकाळी समुद्राकडून येणारा वारा थांबतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा अजून सुरू झालेला नसतो, आणि त्या मधल्या वेळात झाडाचे पान हलत नाही. या पडलेल्या वाऱ्याला तिथले लोक ‘युनागी’ म्हणतात. दिवसभर तापलेल्या माणसाला ज्या वेळी थोडा गारवा हवा असतो, नेमक्या त्याच वेळी तो मिळत नाही.

तरीही आम्ही गेलो, कारण रत्नागिरीहून माझ्याकडे आलेली आई ऑगस्टअखेर परतणार होती आणि तिला हे बेट दाखवायचे असे मी फार आधी ठरवले होते. आईचे वय सत्तरीच्या आसपास आहे, आदल्याच वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. त्यामुळे नेहमीच्या सहलीची आखणी उपयोगाची नव्हती. काय काय पाहायचे याची यादी न करता, दिवसाच्या कोणत्या वेळी आम्ही कुठे असू, हे मी आधी ठरवले: सकाळी दहापर्यंत उघड्यावर, त्यानंतर छताखाली, आणि भर दुपारी जमिनीखाली. हे शेवटचे शब्द मी अक्षरशः लिहीत आहे, कारण नाओशिमावरचे चिचू कलासंग्रहालय जवळजवळ पूर्णपणे जमिनीत पुरलेले आहे.

चिचूमध्ये ठरावीक वेळेचे प्रवेशपत्र आधीच आरक्षित करावे लागते. बहुतेक लोक सकाळची वेळ घेतात; मी मुद्दाम दुपारी साडेबाराची घेतली. सोमवारी बेटावरची बहुतेक संग्रहालये बंद असतात आणि सोमवारी सार्वजनिक सुटी आली तर ती मंगळवारी बंद ठेवतात, एवढे पाहून मुक्कामाची तारीख ठरवली आणि होन्मुरा गावातील एका घरगुती निवासात खोली मिळवली. जपानचे पर्यावरण मंत्रालय आणि हवामान विभाग २०२१ पासून देशभर उष्माघाताचा इशारा देतात. तो केवळ तापमानावर ठरत नाही. हवेतील दमटपणा आणि तापलेल्या जमिनीतून, भिंतींतून येणारी धग हेही त्याच्या निर्देशांकात धरलेले असते. आम्ही निघालो त्या सकाळी तो इशारा माझ्या मोबाइलवर आलाच. पिशवीत दोन छत्र्या, मानेवर ठेवायचे ओले पंचे, मिठाच्या गोळ्या आणि आईने गावाहून आणलेल्या कोकम आगळाची बाटली होती. पाणी, मीठ, थोडा गूळ आणि आगळ यांचे जे मिश्रण तिने थर्मासमध्ये केले होते, ते यंत्रातून मिळणाऱ्या कोणत्याही पेयापेक्षा आम्हाला अधिक मानवले.

ओकायामाहून स्थानिक रेल्वेने उनो बंदरापर्यंत जाता येते. १९८८ मध्ये सेतोचा मोठा पूल सुरू होईपर्यंत होन्शू आणि शिकोकू यांच्यातील रेल्वेप्रवासी याच बंदरात बोटीत बसून शिकोकूवरील ताकामात्सूला जात असत. पूल झाल्यावर ती सेवा संपली आणि आज उनो हे प्रामुख्याने बेटांकडे जाणाऱ्यांचे बंदर आहे. तिथून नाओशिमाचे मियानोउरा बंदर फेरीबोटीने सुमारे २० मिनिटांवर आहे. बहुतेक प्रवासी गार हवेसाठी आतल्या दालनात बसले, आणि आईलाही मी तिथेच बसवले, पण स्वतः मात्र काही वेळ वरच्या डेकवर गेले, कारण बेटाची उत्तर बाजू मला पाहायची होती.

नाओशिमाच्या छायाचित्रांत ही बाजू सहसा नसते. इथे १९१७ पासून मित्सुबिशीचा धातुशुद्धीकरण कारखाना आहे आणि तो आजही चालू आहे. तांबे वितळवताना निघणाऱ्या गंधकयुक्त धुरामुळे बेटाच्या उत्तर भागातील आणि आजूबाजूच्या बेटांवरील झाडे मरून गेली होती, आणि तरीही याच कारखान्यावर गावाचे पोट अनेक दशके चालले. बेटाचे तीन भाग करावेत, उत्तरेला उद्योग, मध्ये लोकवस्ती व शिक्षण, आणि दक्षिणेला निसर्ग व संस्कृती, ही कल्पना दीर्घकाळ नगराध्यक्ष राहिलेल्या चिकात्सुगु मियाके यांची. १९८५ मध्ये त्यांची आणि ओकायामातील प्रकाशन व्यवसायाचे संस्थापक तेत्सुहिको फुकुताके यांची भेट झाली आणि दक्षिण भागाच्या विकासाचे ठरले. पुढच्याच वर्षी तेत्सुहिको वारले; त्यांचे पुत्र सोइचिरो यांनी काम पुढे नेले आणि वास्तुविशारद तादाओ आंदो यांना बरोबर घेतले. १९९२ मध्ये बेनेसे हाऊस हे निवास आणि संग्रहालय एकत्र असलेले घर उभे राहिले. तो धुरकट कारखाना आणि दक्षिणेकडची शांत संग्रहालये एकाच जमिनीवर आहेत, आणि पहिल्याशिवाय दुसरे समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच जाणाऱ्यांनी निदान काही मिनिटे तरी ऊन सोसून डेकवर उभे राहावे.

मियानोउराच्या धक्क्याजवळ जपानी कलावंत यायोई कुसामा यांचा लाल भोपळा, म्हणजे भोपळ्याच्या आकाराचे मोठे शिल्प, आहे. तो आतून पोकळ असून त्यात शिरता येते, पण साडेदहाच्या उन्हात त्याच्या आत थांबणे आम्हाला शक्य झाले नाही. सामान ठेवले, गावाची लहान बस घेतली आणि त्सुत्सुजिसो या थांब्यावर उतरलो. तिथून संग्रहालयांची मोफत बस चिचूकडे जाते. प्रवेशपत्राच्या खिडकीपासून संग्रहालयाच्या दारापर्यंतचा रस्ता चढाचा आहे. त्याच्या कडेला फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी आपल्या बागेत लावली होती तशी झाडे आणि कमळांचे तळे केलेले आहे. फुले पाहायला आई थांबली असती, पण त्या वेळी डांबरातून येणारी वाफ पायांना जाणवत होती आणि आम्ही चालत राहिलो.

चिचूचे दार ओलांडल्यावर काय होते, ते थोडे सविस्तर सांगायला हवे. समुद्राकडचा डोंगर बिघडू नये म्हणून २००४ मध्ये खुली झालेली ही इमारत आंदो यांनी डोंगराच्या पोटात बसवली. बाहेरून तिला दर्शनी भाग नाही. आत शिरताच काँक्रीटच्या उंच भिंतींची अरुंद वाट लागते. काही ठिकाणी ती वरून उघडी असते, त्यामुळे एका पावलाला सावली आणि दुसऱ्याला उन्हाची धारदार पट्टी असा अनुभव येतो. एका चौकात हिरव्या नळीसारखी अश्वपुच्छ वनस्पती दाट वाढली आहे, दुसऱ्या त्रिकोणी चौकात पांढऱ्या चुनखडीचे दगड पसरलेले आहेत. हिवाळ्यात या वाटा कशा वाटत असतील ते मला माहीत नाही, पण ऑगस्टच्या दुपारी त्यांतून जाताना कुठे उजेड आहे आणि कुठे गारवा आहे हे डोळ्यांच्या आधी कातडीला कळत होते. आंदोंच्या इमारतींबद्दल मी बरेच वाचले होते. त्या इमारती अंगाने वाचायच्या असतात, हे मला त्या दिवशी उमगले.

मोने यांच्या दालनात जाण्यापूर्वी पायताणे काढून सपाता घालाव्या लागतात. जमिनीवर पांढऱ्या संगमरवराचे दोन-दोन सेंटिमीटरचे सुमारे ७ लाख तुकडे बसवलेले आहेत, भिंतींचे कोपरे गोलवलेले आहेत आणि कुठेही विजेचा दिवा नाही. वरून येणारा दिवसाचा उजेडच पाच चित्रांवर पडतो. मोने यांच्या अखेरच्या काळातील कमळांच्या मालिकेतील ही चित्रे आहेत आणि समोरचे, दोन कॅनव्हास जोडून केलेले चित्र सुमारे सहा मीटर रुंद आहे. आम्ही गेलो तेव्हा वर ढग नव्हता, त्यामुळे जांभळे आणि हिरवे रंग अगदी उघडे दिसत होते. थोड्या वेळाने बहुधा एखादा ढग सूर्यावर आला आणि सबंध खोली निळसर झाली, चित्रातले पाणी एकदम खोल गेले.

आईला मी हलक्या आवाजात सांगितले की मोने यांना ही चित्रे काढण्याच्या काळात मोतीबिंदू झाला होता आणि १९२३ मध्ये त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझंही तसंच झालं होतं गं. पांढरी साडी मला पिवळट दिसायची आणि मला वाटायचं, धुण्यातच काहीतरी खोट आहे. ऑपरेशननंतर पट्टी काढली तर खिडकीतलं आभाळ इतकं निळं होतं की मी नर्सला विचारलं, रोज असंच असतं का?” त्यानंतर ती एका चित्राजवळ गेली, पुन्हा मागे आली, आणि डाव्या बाजूच्या चित्रातील गढूळ तपकिरी भाग मला दाखवू लागली. कोणते चित्र शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि कोणते नंतरचे, हे सांगण्याचा तिचा आग्रह नव्हता. रंग पाहणाऱ्याच्या डोळ्यातून येतो हे ती स्वतःच्या अनुभवाने जाणत होती, आणि कलेचा इतिहास शिकलेल्या माझ्यासारखीपेक्षा ती त्या भिंतीशी अधिक जवळीक साधून उभी होती. संग्रहालयातील त्या खोलीत आम्ही ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ राहिलो.

अमेरिकन शिल्पकार वॉल्टर डी मारिया यांच्या दालनात पायऱ्यांच्या मध्यावर २.२ मीटर व्यासाचा गुळगुळीत ग्रॅनाइटचा गोल आहे आणि भिंतींशी सोनेरी मुलामा दिलेल्या २७ लाकडी रचना आहेत. छतातून येणाऱ्या उजेडाची चौकट त्या गोलावर उमटते आणि सूर्य जसा सरकतो तशी ती बदलते. प्रकाशाशी काम करणारे अमेरिकन कलावंत जेम्स टरेल यांच्या ‘ओपन स्काय’ या खोलीत छताला चौकोनी उघडे भोक आहे आणि भिंतीला लागून बाके आहेत. तिथे आभाळ खाली उतरून छताला चिकटल्यासारखे सपाट दिसते, पण उन्हाळ्यात त्याच भोकातून धगही खाली येते. आम्ही सावलीच्या बाजूच्या बाकावर थोडाच वेळ बसू शकलो. टरेल यांची ही कलाकृती ऑगस्टमध्ये दुपारी पाहू नये, एवढे मी खात्रीने सांगेन.

चिचूहून आम्ही कोरियन कलावंत ली उफान यांच्या संग्रहालयापर्यंत पायी गेलो. अंतर फार नाही, पण रस्त्यावर सावली जवळजवळ नव्हती, आणि तिथल्या अंगणातील उंच काँक्रीटच्या खांबाजवळ पोहोचताच आईला गरगरल्यासारखे झाले. तिला घाम येत होता, बोलणे स्पष्ट होते आणि हातपाय गरम नव्हते, म्हणून हा उष्माघात नाही, त्याच्या आधीची पायरी आहे, हे मी ओळखले. भिंतीच्या सावलीत तिला बसवले, मानेवर आणि काखेत ओले पंचे ठेवले, आगळाचे पाणी घोटघोट दिले. दारावरच्या कर्मचारी बाईंनी काही न विचारता खुर्ची आणि बर्फाची पिशवी आणून दिली, आणि आईला बरे वाटल्यावर तिला आतल्या थंड दालनात नेऊन बसवले. ली उफान यांचा दगड आणि लोखंडी पत्रा समोरासमोर ठेवलेला आम्ही बसूनच पाहिला. त्या दिवसाचे उरलेले सगळे बेत सोडून आम्ही बसने मुक्कामी गेलो आणि संध्याकाळी युनागीच्या वेळी पंख्यापुढे बसून बार्लीचा गार चहा पीत राहिलो.

जेवणाबद्दल दोन शब्द. बेटावर खानावळी थोड्या आहेत आणि अनेक लवकर बंद होतात. त्यातही जपानी रश्शात बहुधा माशांचे पाणी असते, त्यामुळे शाकाहारी माणसाची पंचाईत होते. आई मासे खाते, म्हणून आमचे अडले नाही, आणि नाओशिमा ज्यात येते तो कागावा प्रांत उदोनसाठी, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांसाठी, प्रसिद्ध असल्याने गार पाण्यातले जाड उदोन दुपारी चांगले लागले. पण सर्वांत उपयोगी पडले ते उनोच्या दुकानातून घेतलेले, आत खारवलेले उमे हे आंबट जपानी फळ घातलेले भाताचे गोळे.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास आम्ही होन्मुराहून दक्षिणेकडे चालत निघालो. झाडांवर ‘सेमी’ किड्यांचा कर्कश आवाज तेव्हाच सुरू झाला होता, मात्र समुद्राच्या बाजूने अजून थोडी झुळूक होती. धक्क्याच्या टोकावर कुसामा यांचा पिवळा भोपळा होता आणि त्याच्याजवळ आमच्याखेरीज एक मासे धरणारा गृहस्थ तेवढा होता. हा भोपळा १९९४ मध्ये तिथे बसवला गेला, ऑगस्ट २०२१ च्या वादळात तो लाटांनी उखडून नेला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा करून पुन्हा त्याच जागी ठेवला. दहा वाजल्यानंतर त्याच्यासमोर छायाचित्रांसाठी रांग लागते, हे परत जाताना आम्ही पाहिले. सकाळी लवकर मात्र त्याच्या ठिपक्यांवर दव असते आणि मागे अंतर्समुद्रातील छोटी बेटे एकामागे एक स्पष्ट दिसतात.

होन्मुरा हे जुने गाव आहे. इथल्या घरांच्या भिंतींवर जाळून काळ्या केलेल्या देवदारी फळ्या लावलेल्या असतात. जळलेला थर लाकडाला खारा वारा आणि कीड यांपासून वाचवतो. १९९८ पासून या गावातील रिकामी पडलेली घरे एकेका कलावंताच्या हाती देण्यात आली. त्यांतले पहिले घर कादोया. तिथे अंधाऱ्या खोलीत पाण्याखाली १२५ अंकदिवे लुकलुकतात; प्रत्येक दिवा १ ते ९ मोजतो, शून्याच्या जागी क्षणभर विझतो आणि पुन्हा सुरुवात करतो. तात्सुओ मियाजिमा यांनी प्रत्येक दिव्याचा वेग बेटावरच्या एकेका रहिवाशाला ठरवू दिला, आणि त्या रहिवाशांत ५ वर्षांच्या मुलापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत माणसे होती. बाहेरून आलेली कला गावाने कशी आपलीशी केली असा प्रश्न कुणी विचारला, तर मी या खोलीकडे बोट दाखवीन. गावकऱ्यांना केवळ प्रेक्षक न ठेवता त्यांच्या हातात काम दिले, यामुळेच पुढची घरे शक्य झाली असावीत, असे मला वाटते.

मिनामिदेरा ही पूर्वी मंदिर असलेल्या जागी आंदोंनी बांधलेली काळ्या फळ्यांची इमारत आहे, आणि आतले काम पुन्हा टरेल यांचे. ठरावीक लोकांना एकत्र आत सोडतात. भिंतीला हात लावत वळणे घेत जावे लागते आणि मग आपण इतक्या गडद अंधारात बाकावर बसतो की स्वतःचा हातही दिसत नाही. भर उन्हातून आत आल्याने डोळ्यांना सावरायला अधिक वेळ लागत होता. काही मिनिटांनी मला समोर करड्या रंगाचा एक आयत जाणवू लागला. “तुला काही दिसतंय का गं?” आईने कानात विचारले. मी हो म्हटल्यावर तिने माझा हात घट्ट धरला आणि आपल्याला काहीच दिसत नाही असे सांगितले. वय वाढल्यावर अंधाराला सरावायला डोळे जास्त वेळ घेतात, हे मला माहीत होते, पण त्या क्षणी तिला ते सांगणे मला बरे वाटेना. आणखी काही वेळ गेला आणि तिच्या हाताची पकड सैल झाली. तो प्रकाश आम्ही आत आल्यापासून तसाच होता, त्यात कोणीही काही वाढवले नव्हते. बदलले होते ते आमचे डोळे. उठून त्या आयताजवळ गेलो तेव्हा ती रंगवलेली भिंत नसून पोकळ जागा आहे हे कळले आणि आईने आपला हात आत घालून पाहिला.

गो-ओ देवस्थान टेकडीवर आहे. एदो काळापासूनच्या (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील) या देवळाचा कलावंत हिरोशी सुगिमोतो यांनी २००२ मध्ये नव्याने आराखडा केला: देवळाच्या काचेच्या पायऱ्या जमिनीतून खाली, दगडी गाभाऱ्यापर्यंत जातात. त्या गाभाऱ्यात जायला टेकडीच्या बाजूने एक अतिशय अरुंद बोगदा आहे, त्यात विजेरी घेऊन एकेकट्याने जावे लागते. आई वरच सावलीत बसली. आत काचेतून झिरपलेला उजेड आणि गार दगड होता. परत फिरताना बोगद्याच्या तोंडाशी समुद्राची एक उभी पट्टी दिसते, आणि तिच्यातून पुन्हा उन्हात यावे लागते.

दुपारी मियानोउराला परतून आम्ही कलावंत शिनरो ओताके यांनी २००९ मध्ये सजवलेल्या सार्वजनिक स्नानगृहात गेलो. तिथे बेटावरचे लोक आणि प्रवासी एकत्र अंघोळ करतात, आणि स्त्रिया व पुरुष यांच्यामधल्या भिंतीवर हत्तीची एक प्रतिकृती उभी आहे. अनोळखी बायकांसमोर विवस्त्र होणे आईला सुरुवातीला अवघड गेले, पण टाइलवरची चित्रे पाहत, अंगावर पाणी ओतत ती हळूहळू मोकळी झाली. उन्हाने थकलेल्या अंगाला गरम पाण्याच्या अंघोळीनंतर जो हलकेपणा येतो, तो आम्हाला थंड खोलीत बसून आला नव्हता.

जवळचे तेशिमा बेट आम्ही या खेपेला सोडले. तिथे १९७० च्या दशकापासून १९९० पर्यंत बेकायदा टाकलेला सुमारे ९ लाख टन औद्योगिक कचरा आणि दूषित माती २००३ ते २०१७ या काळात बोटींनी नाओशिमावर आणून जाळून, वितळवून निकामी करण्यात आली; म्हणजे नाओशिमाच्या उत्तरेकडच्या त्या उद्योगवस्तीने शेजाऱ्याच्या जखमेवर इलाजही केला. तेशिमाचे कलासंग्रहालय मला पाहायचेच आहे. पण ते २५ सेंटिमीटर जाडीचे काँक्रीटचे कवच आहे, छतातील दोन मोठी भोके कायम उघडी आहेत, आत गार हवेची सोय नाही, आणि तिथे पोहोचायला चढाच्या रस्त्यावर सायकल किंवा बसची वाट पाहणे आले. आईला घेऊन ते ऑगस्टमध्ये करणे मला योग्य वाटले नाही. पुढच्या वेळी ती आली की आम्ही नोव्हेंबरमध्ये जाऊ, तेव्हा भाताची कापणी झालेली असेल आणि चिचूपासून ली उफानपर्यंतचा तो रस्ताही तिला सावकाश चालता येईल.